आठ पावलांचा पिलर

बाबाराव दुपारेचे समोरचे चार दात डोमाजी पथाडेनं एका ठोशात पाडले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. चहाच्या टपरीवर, भर बाजाराच्या दिवशी, शंभर माणसांदेखत. बाबाराव एवढंच म्हणाला होता की, तीन नंबरच्या खाणीत दक्षिणेकडचे पिलर तासलेले होते, म्हणूनच छत आलं आणि डोमाजीचा धाकटा भाऊ लहानू त्याखाली गेला. वाक्य पुरं व्हायच्या आत ठोसा बसला. दात चहाच्या कपात पडले की जमिनीवर, यावर गावात अजून एकमत नाही. पण त्या दिवसापासून खडकटाकळीत तासलेल्या पिलरचं नाव कुणी काढलं नाही.

वणीकडून येताना राजूर मागे पडलं, चुन्याच्या भट्ट्यांचा पांढरा धूर संपला, की काळा धुरळा सुरू होतो. तिथं हे खडकटाकळी. जुन्या भुयारी खाणी कधीच्या बंद झाल्या. आता गावाच्या अंगालाच उघडी खाण आहे आणि तिथं रोज दुपारी दोनला सुरुंग उडतात. पावणेदोन वाजले की घरोघरच्या बाया फळीवरचे डबे खाली उतरवून ठेवतात आणि जमीन हादरून निवली की परत वर चढवतात. भिंतीला भेग नाही असं घर दाखवा आणि बक्षीस न्या. अशाही गावात मऊ स्वभावाची माणसं निपजतात, नाही असं नाही, पण डोमाजी त्यातला नव्हता.

तो खाणीत ड्रेसर होता. सुरुंग उडाला की धूर बसायच्या आत सगळ्यांच्या आधी एकट्यानं आत जायचं, ते ड्रेसरनं. हातात लांब सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. छत ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. भरीव दगड टणटणीत बोलतो, सुटलेला दगड पोकळ बोलतो. पोकळ बोलला की सब्बल घालून तो ओढून पाडायचा, स्वतःच्या डोक्यावर येणार नाही एवढं बघायचं आणि मग बाहेरच्यांना हाक द्यायची, "पक्कं!" त्या एका हाकेवर चाळीस माणसं आत शिरायची. बावीस वर्षं डोमाजीनं हे केलं आणि त्याची खोड अशी की बाहेर आल्यावरही त्यानं सब्बल खाली ठेवली नाही. जे सुटलेलं दिसेल ते पाडायचं. बायको हंसाबाईच्या कपाळावर एक आडवी खूण होती, ती विहिरीवर घसरून पडल्याची, असं ती मरेपर्यंत सांगत राहिली. ऐकणारे मान डोलवायचे. खाणीच्या गावात मान डोलवणं लहानपणीच शिकतात.

तर असा हा डोमाजी सदुसष्ट वर्षांचा होऊन खाटेवर बसला होता, आणि त्याची नात प्रेरणा, आठवीतली, जेवता जेवता म्हणाली, "आबाजी, आज शाळेत मी तीन खेपा मेली." आणि खुदकन हसली.

डोमाजीच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं विचारलं तेव्हा कळलं ते असं. शाळेत भूगोल-विज्ञान शिकवायला दीपा मॅडम आल्या होत्या, आर्णीच्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीत एक खेळ लावला होता. सगळं ठोकळ्यांचं जग, त्यात आपण फिरायचं, खणायचं, बांधायचं. मॅडमनी त्यात खडकटाकळीच उभी केली होती, शाळा, टपरी, पाण्याची टाकी सगळं, आणि त्याखाली जमिनीचे थर. पोरं वरून खणत जात. आधी काळी माती, मग मुरूम, मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, त्याखाली वाळूचा दगड आणि त्याखाली पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचा कोळसा. कोळसा काढायचा तर छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब राखायचे, तेच पिलर. पिलर कमी पडले की छत कोसळतं आणि आत असलेला मरतो. मेला की शाळेच्या फाटकाशी पुन्हा जिवंत उभा.

"मंग काय," प्रेरणा म्हणाली, "मुद्दाम पाडतो आमी. लय मजा येते."

दुसऱ्या दिवशी डोमाजी काठी घेऊन शाळेत गेला. दारातून त्यानं पाहिलं ते एवढंच: आठ पडद्यांवर आठ छतं खाली येत होती, ठोकळ्यांची माणसं चेंगरत होती आणि पोरं टाळ्या पिटत होती. कुणी तरी ओरडलं, "लहानू गेला!" त्या नावाचा एक पोरगा वर्गात होता, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. डोमाजीनं डोक्यात राख घालून घेतली. पहिला फटका पडद्यावर बसला, काच खळकन खाली आली, दुसरा टेबलावर बसला आणि काठी मोडली. दोन पोरींना काचा लागल्या. खोलीत रडारड झाली आणि दीपा मॅडम त्याच्या आणि पोरांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणी, काटकुळी बाई, पण जागची हलली नाही.

"छत पडल्यावर हासत नाईत, मॅडम," डोमाजी धापा टाकत म्हणाला. "मानूस ओरडत बी नाई. तेवढा टाइम नसते."

दुसरी कुणी असती तर पोलीस पाटलाला बोलावलं असतं. दीपा मॅडमनी आधी पोरींच्या हातातल्या काचा काढल्या, पट्ट्या बांधल्या आणि मग त्या डोमाजीकडे वळल्या. आपण खाण कधी आतून पाहिलेली नाही, पुस्तकात वाचून केली, हे त्यांनी सरळ कबूल केलं. पाहिलेल्या माणसानं दर शनिवारी येऊन ती खरी करून द्यावी. नाही आला तर मात्र तक्रार करणार, असंही त्या म्हणाल्या. डोमाजीला आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या शांतपणे कुणी धमकी दिली होती. तो मुकाट घरी गेला आणि शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला.

पुढचे सहा महिने गावानं एक नवल पाहिलं. ज्याला पाहून पोरं गल्ली बदलायची, त्याच्याभोवती पोरांचा गराडा. पडद्यावरची तीन नंबरची खाण त्यानं आठवणीतून बोट ठेवून ठेवून उभी करून घेतली: आत उतरणारी वाट, पंप कुठे होता, पाणी कुठून पाझरायचं, कोणत्या वळणावर डोकं वाकवायचं. एक ठोकळा म्हणजे एक पाऊल, असं माप ठरलं. छताचे आवाज खेळात हवेत, हाही त्याचाच हट्ट. टणटणीत आवाज शाळेच्या जोत्याच्या दगडावर मिळाला. पोकळ आवाजासाठी तो अख्खी शाळा ठोकत फिरला आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागची भिंत त्याला पसंत पडली. रोजच्या सुरुंगांनी तिथला गिलावा सुटून फुगला होता. मॅडमनी तो आवाज मोबाइलवर घेतला. मुख्याध्यापकांनी त्या दिवशीच खुर्ची हलवली.

आणखी एक गोष्ट त्यानं मागितली. मेलेला पुन्हा उठू देऊ नका, म्हणाला. मॅडम म्हणाल्या, मग पोरं खेळायचीच नाहीत. शेवटी तडजोड झाली: जो मरेल त्यानं उठायचं, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचं आणि तास संपेपर्यंत आत यायचं नाही. पोरं त्याला मेलेल्यांचा बाक म्हणू लागली. पहिल्या आठवड्यात बाकावर जागा पुरेना. चौथ्या आठवड्यात बाक रिकामा होता आणि आठवीतली पोरं छत ठोकल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकत नव्हती. दीपा मॅडमना एवढा आनंद झाला की त्यांनी डोमाजीसाठी घरून करंज्या आणल्या.

फक्त एका शनिवारी डोमाजी अडखळला. दक्षिणेची बाजू काढायची होती. तिथले अकरा पिलर कंपनीनं आधीच फोडून लहान केलेले, आठ पावलांचे. प्रेरणा माऊस धरून बसली होती. "पुढून आठ, अन् मागं किती आत जाते आबाजी?" तिनं विचारलं.

खरं काय ते डोमाजीला माहीत होतं. पिलरच्या मागच्या अंगाला गोफ होता, म्हणजे कोळसा काढून झालेली, छत बसलेली जागा. तिकडे पाळीवर देखरेख करणारा सरदारही फिरकायचा नाही. पाळी संपत आली आणि रुळावरचे डबे भरायला कोळसा कमी पडला की दोघं भाऊ त्या मागच्या अंगानं शिरायचे आणि पिलर तासून आणायचे. मऊ, आयता कोळसा. पुढून पाहिलं तर पिलर पुरा, मागून खाल्लेला. एक दिवस छत आलं. चौकशीला आलेल्या साहेबानं उरलेल्या पिलरचं पुढचं तोंड पाहिलं, डोमाजीनं शपथेवर आठ पावलं सांगितली आणि ही निसर्गाची करणी, असं कागदावर लिहिलं गेलं. कंपनीला तेच हवं होतं. मग बाबाराव टपरीवर बोलला आणि त्याचे दात गेले.

तीस वर्षं ज्या मुठीनं हे झाकून ठेवलं, तीच मूठ आता नातीच्या खुर्चीच्या पाठीवर होती. "आठ," तो म्हणाला. "चारही अंगानं आठ." प्रेरणानं मोजून आठ ठोकळे मांडले. मला त्याचा राग येतो, तो इथं येतो. बायकोला मारलं, दात पाडले, काच फोडली, ते सगळं एकीकडे. पण ते पोर मोजत होतं आणि हा पाहत होता.

डोमाजीचा मुलगा संघदीप, प्रेरणाचा बाप, उघड्या खाणीवर डंपर चालवायचा. ठेकेदार बदलला तसा तो घरी बसला होता. हाही बापाच्याच वळणावर गेलेला. ठेकेदाराच्या मुकादमाला त्यानं गेटवर तुडवलं होतं, म्हणून दुसरीकडेही कुणी घेत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो अचानक लेकीच्या अभ्यासात रस घेऊ लागला. मॅडमनी खेळ घरच्या मोबाइलवर टाकून दिला होता, तो घेऊन तास तास बसे. वस्तीतले दोन जोडीदार येऊन शेजारी बसत. डोमाजी मनातून सुखावला. आपण बांधलेली खाण पोरगा पाहतोय, एवढंच त्याला दिसलं.

मार्चातल्या एका बुधवारी दुपारी एकच्या सुमारास प्रेरणा शाळेतून लवकर आली आणि भाकरी मोडत म्हणाली, "पप्पा लय हुशार हाये खेळात. दक्षिणेचे सहा पिलर काढले, एक सोडून एक. तरी छत नाई पडलं."

डोमाजीनं विचारलं, हे कधीपासून.

"झाले दोन आठवडे. पयले चुकत होते. मंग कोनता काढला तं चालते ते वहीत लिहून घेतलं."

डोमाजी उठला. संघदीपचा टॉवेल दोरीवर होता. त्यानं तो उलटून पाहिला, आतल्या घडीत काळं होतं. बाजेखालची कुदळ नव्हती. तीन नंबरच्या तोंडाला कंपनीनं भिंत घातली होती, पण पावसाळ्यात तिला भगदाड पडलं होतं आणि वीटभट्टीवाले कोळशाची पोती घेताना कुठली, असं विचारत नाहीत. त्याला सगळं एकदम समजलं. त्याचे आठ ठोकळे खरे धरून पोरगा आत पिलर काढत होता. एक सोडून एक. आणि दोनला उघड्या खाणीत सुरुंग उडणार होते.

खोलीच्या कोपऱ्यातली सब्बल त्यानं उचलली. प्रेरणाला म्हणाला, मॅडमला जाऊन सांग, ते पिलर आठचे नाहीत. ती विचारू लागली तसा तो तिच्यावर असा खेकसला की ती अनवाणीच पळाली. मग सदुसष्ट वर्षांचा तो माणूस दीड किलोमीटर धावला. मध्ये दोनदा पडला, गुडघा फुटला, थांबला नाही. भगदाडाशी दोन मोटारसायकली उभ्या होत्या. कोळशानं भरलेली पाच पोती ओळीनं लावून ठेवलेली होती.

आत उतरायला त्याला दिवा लागला नाही. पावलांनाच वाट ठाऊक होती. पंपाची जागा, वळण, डोकं वाकवायची जागा. मग पुढे उजेड दिसला. तिघांच्या कपाळावर बॅटऱ्या, मध्ये संघदीप, उघड्या अंगानं कुदळ मारत. पहिला पिलर पुरा गेला होता. दुसरा निम्मा.

"बाहेर निंगा," डोमाजी म्हणाला. "सारे."

संघदीपनं वळून पाहिलं आणि कुदळ परत उचलली. घरी जा म्हणाला बापाला, इथं तुमचं काम नाही. आम्ही मोजूनमापून करतोय, मॅडमच्या खेळात दहा दहा वेळा काढून पाहिलंय.

"खेळातले खोटे हायेत. हे पिलर मागून पाच पावलाचे बी नाईत. आमी तासले. मी अन् लहानूनं."

कुदळ थांबली.

"मंग बाबारावचे दात कायले पाडले तुमी?" संघदीप म्हणाला.

डोमाजीनं सब्बल उचलून छताला टेकवली आणि ठोकली. पोकळ आवाज आला. दोन्ही जोडीदार जागच्या जागी गारठले. हाच आवाज त्यांनी मोबाइलवर शंभरदा ऐकला होता आणि त्यानंतर दर वेळी मेले होते. त्यांच्यातला उंच होता त्यानं कुदळ टाकली आणि पळाला. दुसरा त्याच्यामागे. संघदीप मात्र हलला नाही. आयुष्यभर मार खाल्लेल्या पोराला बाप खरं बोलतोय हे मानणं जमलं नाही, की मानायचं नव्हतं, देव जाणे. तो बापाच्या अंगावर धावून आला आणि दोन्ही हातांनी त्याला भिंतीवर आदळलं. डोमाजीचं डोकं दगडावर आपटलं, कानातून गरम काहीतरी ओघळलं. संघदीपनं पुन्हा पिलरकडे वळून कुदळ घातली. एक घाव. दुसरा घाव. वरून चिमूटभर माती गळली.

तिसऱ्या घावाला डोमाजीनं सब्बल फिरवली. ती संघदीपच्या उजव्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. पोरगा गुरासारखा ओरडला. डोमाजीनं त्याला मानेला धरलं आणि ओढत निघाला. डाव्या हातानं संघदीप मारत होता, नाकावर, तोंडावर, जिथं लागेल तिथं. बापाचं नाक फुटलं, रक्त घशात गेलं. त्यानं हात सोडला नाही. वळणावर संघदीप लोळला, तर त्याच्या बरगडीत लाथ घालून त्याला उठवलं. पंपाच्या जागेपाशी आले आणि जमीन खालून उसळली. दोन वाजले होते.

आधी छत बोललं. लांबून, कापड फाटावं तसं. मग पडलं. वाऱ्याच्या धक्क्यानं दोघं उताणे फेकले गेले, तोंडात, डोळ्यांत कोळसा भरला आणि मागचा सगळा दक्षिणेचा भाग खाली बसत गेला, एकामागून एक, बराच वेळ. डोमाजी पालथा होऊन पोराच्या डोक्यावर पडून राहिला. त्याला लहानू आठवला नाही. काहीच आठवलं नाही.

बाहेर उन्हात बसल्यावर संघदीपनं लोंबणारा हात मांडीवर घेतला. जोडीदार लांब उभे होते. तो बापाकडे न बघता म्हणाला, "लहानूकाकालेबी तुमीच मारलं."

"हाव," डोमाजी म्हणाला.

कंपनीनं दुसऱ्याच दिवशी डोझर लावून तोंड बुजवलं. संघदीप मोटारसायकलवरून पडला असं तिघांनी सांगितलं, दवाखान्यानं तसंच लिहून घेतलं. वणीत संघदीपच्या मनगटात सळई बसवली. हाड जुळलं, पण उजव्या हाताची बोटं पुरी मिटेनात. डंपरचं स्टिअरिंग त्या हातानं धरता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. संघदीप घरात बापाशी बोलत नव्हता. जेवायला बसताना ताट भिंतीकडे वळवून बसायचा.

पुढच्या शनिवारी डोमाजी शाळेत गेला. नाकावर पट्टी, एका कानानं ऐकू येत नव्हतं. त्यानं पोरांसमोर उभं राहून सांगितलं की दक्षिणेचे पिलर आठचे नव्हते, मागून पाचच पावलांचे होते, आपण खोटं सांगितलं होतं. दीपा मॅडमचा चेहरा उतरला. त्या खेळाचे आकडे त्यांनी घातले होते, आणि तीन माणसं त्या आकड्यांवर विसंबून आत गेली होती. हे त्यांना रात्री झोपू देत नव्हतं, हे त्यांनी पोरांसमोरच सांगितलं. प्रेरणा माऊस धरून बसली होती. तिनं ठोकळे काढले नाहीत.

"पयले आठ सांगतलं," ती म्हणाली. "आता पाच. हे खरं कायवरून?"

डोमाजीची मान तापली. मग दीपा मॅडमनी विचारलं, त्या भागात काम केलेलं आणखी कुणी जिवंत आहे का. डोमाजीला उत्तर माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

बाबाराव दुपारेचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तीस वर्षांत डोमाजी त्या गल्लीत गेला नव्हता. बाबाराव अंगणात तूर पाखडत बसला होता, तोंड बोळकं. डोमाजी फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, "तू खरं बोलला होता." बाबाराव सूप खाली ठेवून उठला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. मग पाठीवर. मग पुन्हा खांद्यावर. डोमाजीनं दोन्ही हात मागे धरून ठेवले होते. म्हाताऱ्याच्या अंगात फार जोर नव्हता, पण त्यानं दम लागेपर्यंत मारलं. मग आत गेला, कवळी लावून आला, टोपी घातली आणि चल म्हणाला.

कॉम्प्युटरसमोर बाबाराव लग्नाच्या पंगतीत बसावा तसा ताठ बसला. प्रेरणानं त्याला पिलर फिरवून फिरवून दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"पाच नाई," तो म्हणाला. "चार बी भरत नव्हते. साडेतीन." आणि डोमाजीकडे वळून पाहिलं.

डोमाजीची मूठ आवळली गेली. सगळ्या वर्गानं ती पाहिली. पाचावरून साडेतीन, ते दीड पाऊल कधी गेलं ते खाणीत तेव्हा तिघांनाच ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी लहानू म्हणाला होता, दादा, आता पुरे, छत बोलून राह्यलं. डोमाजीनं त्याच्या कानाखाली वाजवली होती आणि कुदळ हातात देऊन आत पाठवलं होतं. आणि बाहेरच्यांना हाक दिली होती, पक्कं. बाबाराव डबा ढकलत मागेच उभा होता.

"साडेतीन," डोमाजी म्हणाला. मूठ सुटली नाही, पण वर उचलली गेली नाही.

प्रेरणानं अकराही पिलर साडेतीनचे केले. अर्धा ठोकळा कसा बसवायचा ते तिला येत होतं. मग ती आत चालत गेली. सवयीप्रमाणे छत ठोकलं. मुख्याध्यापकांच्या भिंतीचा आवाज आला. ती तरी पुढे गेली आणि दक्षिणेचा एकच पिलर काढला. छत सगळंच्या सगळं खाली आलं. पडद्यावर काळं झालं. कुणी हसलं नाही.

प्रेरणा खुर्चीवरून उठली, व्हरांड्यात गेली आणि मेलेल्यांच्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं डोमाजीही उठला. तो तिच्यामागे बाहेर गेला आणि बाकाशी उभा राहिला. ती थोडी सरकली. तो तिच्या शेजारी बसला आणि तास संपेपर्यंत तिथंच बसून राहिला.